मी, तू आणि तो : पुस्तक, व्हिडिओ गेम आणि पडदा

चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पुस्तकच जास्त चांगले होते.’ गेल्या काही वर्षांत त्याला एक जोडीदार मिळाला आहे. विशीतली मुले म्हणतात, ‘गेमची मजा यात नाही.’ ही दोन वाक्ये बोलणारी माणसे सहसा एकमेकांशी बोलत नाहीत. पुस्तकवाल्यांना व्हिडिओ गेम म्हणजे डोळे बिघडवणारा पोरखेळ वाटतो आणि गेमवाल्यांना कादंबरी म्हणजे परीक्षेला लावलेला धडा. पण दोघांची तक्रार एकच आहे. ती नीट तपासून पाहिली, तर पडदा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे बरेच उलगडते.

या तक्रारीची दोन कारणे नेहमी दिली जातात. पहिले लांबीचे. चारशे पानांची कादंबरी दोन-अडीच तासांत कशी मावणार? पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा हिशेब या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा काटछाट अटळच. पण लांबी मिळाली म्हणून प्रश्न सुटत नाही. एरिक फॉन स्ट्रोहाइम या दिग्दर्शकाने फ्रँक नॉरिसच्या ‘मॅकटीग’ या 1899 च्या कादंबरीवर ‘ग्रीड’ हा मूकपट काढला, तेव्हा कादंबरीतले जवळपास काहीही सोडायचे नाही असा त्याचा हट्ट होता. पहिली प्रत बेचाळीस रिळांची झाली, म्हणजे आठ तासांच्या घरात. स्टुडिओने कात्री चालवून 1924 च्या अखेरीस सव्वादोन तासांच्या आसपासचा चित्रपट प्रदर्शित केला आणि कापलेला भाग नष्ट झाला. या घटनेवर आजही हळहळ व्यक्त होते, आणि ती रास्तही आहे. पण आज वेबमालिकांना आठ-दहा तास सहज मिळतात, तरी ‘पुस्तकच चांगले होते’ हे वाक्य काही थांबलेले नाही.

दुसरे कारण इमानाचे. दिग्दर्शकाने मूळ कृतीशी बेइमानी केली, म्हणून बिघडले, असे म्हणतात. स्टीफन किंगला स्टॅन्ली कुब्रिकचा ‘द शायनिंग’ (1980) आवडला नाही. आपल्या कादंबरीचा गाभाच त्यातून निसटला असे त्याचे मत होते. 1997 मध्ये त्याने स्वतः पटकथा लिहून तीच कादंबरी मालिकेच्या रूपात आणली. ती मूळ पुस्तकाच्या खूप जवळ आहे. आज लोक बघतात तो कुब्रिकचा चित्रपट.

याउलट बाजू ‘पथेर पांचाली’ची. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीत म्हाताऱ्या इंदिर ठाकरूनचा मृत्यू फार लवकर होतो. सत्यजित राय यांनी तिला बराच काळ जिवंत ठेवले आणि तिचे कलेवर अपू आणि दुर्गा या मुलांच्या नजरेस पडू दिले. काशफुलांच्या रानातून धावत जाऊन भावंडे आगगाडी बघतात, तो जगप्रसिद्ध प्रसंग तर कादंबरीत तसा नाहीच. तिथे मुले गाडी बघायला निघतात, पण त्यांना ती दिसत नाही. इमानाच्या तराजूत घातले तर राय गुन्हेगार ठरतील. तरीही कादंबरी वाचलेला माणूस तो चित्रपट पाहून फसवणूक झाली असे म्हणत नाही. (राय यांनी 1944 मध्ये याच कादंबरीच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढली होती. काय गाळले तरी कथा उभी राहते, याचा अभ्यास त्यांचा तिथेच झाला असावा, असे मला वाटते.)

मग अडते कुठे? माझ्या समजुतीने अडचण आहे ती शाळेच्या व्याकरणात शिकलेल्या पुरुषांची : प्रथम, द्वितीय आणि तृतीय. पुस्तकाची खरी ताकद ‘मी’ म्हणण्यात असते. व्हिडिओ गेमची ताकद ‘तू’ म्हणण्यात असते. आणि पडदा काही केल्या ‘तो’ किंवा ‘ती’ एवढेच म्हणतो. कॅमेऱ्यापुढे जो उभा राहतो, तो प्रेक्षकासाठी दुसरा माणूस होतो. त्याच्यावर आपण जीव टाकू, त्याच्यासाठी रडू, पण तो आपण नसतो. पुस्तकातून किंवा गेममधून पडद्याकडे येताना खरा बदल होतो तो हा. बाकीची काटछाट त्यानंतरची.

पुस्तकाच्या ‘मी’पासून सुरुवात करू. एका माणसाने हा प्रश्न अगदी सरळ मार्गाने सोडवायचा प्रयत्न केला होता. रेमंड चँडलरच्या गुप्तहेर कथा स्वतः नायक फिलिप मार्लो सांगतो. त्यातल्या ‘द लेडी इन द लेक’वर 1947 साली रॉबर्ट माँटगोमेरी या नटाने चित्रपट दिग्दर्शित केला, मार्लोची भूमिकाही स्वतःच केली आणि कॅमेरा थेट मार्लोच्या डोळ्यांच्या जागी ठेवला. नायकाचा चेहरा दिसतो तो आरशात, नाहीतर मधूनच तो समोर येऊन प्रेक्षकांशी बोलतो तेव्हा. एरवी पात्रे कॅमेऱ्यात बघून बोलतात, त्याच्याकडे सिगारेटचा धूर सोडतात, त्याला ठोसे मारतात. जाहिरातीत प्रेक्षकांना सांगितले होते की रहस्य तुम्हीच सोडवणार आहात. प्रत्यक्षात प्रेक्षकाला वाटते ते एवढेच, की कोणीतरी आपल्या तोंडासमोर उगाच टक लावून उभे आहे. मार्लोच्या ‘मी’ची गंमत त्याच्या डोळ्यांत नव्हतीच. ती त्याच्या तिरकस बोलण्यात होती, समोरच्या माणसाला दिलेल्या उपमांत होती. कॅमेऱ्याने डोळे घेतले आणि जीभ मागे राहिली.

मराठीत या ‘मी’चे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याची रचना आज अनेकांच्या लक्षात नसते. हे आईचे चरित्र नाही. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो आहे, अशा बेचाळीस रात्री. सांगतो तेव्हा आई या जगात नाही. तिच्या अखेरच्या वेळी तो तिच्याजवळ पोहोचूही शकला नव्हता. त्यामुळे पानोपानी दोन श्याम असतात. एक हट्ट करणारा, खोटे बोलणारा, पोहायला जायला नको म्हणून लपून बसणारा मुलगा, आणि दुसरा ते सगळे आठवून गहिवरणारा माणूस. पायाला घाण लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठी आई ओले लुगडे दगडावर पसरते आणि मनही असेच जप म्हणून सांगते. पुस्तकात हा प्रसंग वाचताना आपण आईचा उपदेश ऐकत नसतो. तो उपदेश तेव्हा पुरता न कळलेल्या आणि आता कळून चुकलेल्या मुलाचा आवाज आपण ऐकत असतो.

पडद्यावर हा दुसरा श्याम कुठे बसवायचा? सुरुवातीला आणि शेवटी त्याला दाखवता येते, मधून त्याचा आवाजही घालता येतो. पण प्रसंग सुरू झाला की कॅमेरा थेट आईकडे बघतो. तिथे आई ‘श्यामला आठवणारी आई’ उरत नाही, समोर उभी असलेली एक बाई होते आणि ती मुलाला चार गोष्टी शिकवत असते. पश्चात्तापाची काच काढून घेतली की त्याच प्रसंगाचा रंग बदलतो. आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले आणि ते योग्यच होते. वनमाला आणि माधव वझे यांना लोक अजून विसरलेले नाहीत. पण ‘श्यामची आई म्हणजे संस्कारांचा डोस’ अशी जी थट्टा पुढे रूढ झाली, तिचे एक कारण मला या पुरुषबदलात दिसते. पुस्तक न वाचता केवळ पडद्यावरून किंवा पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यावरून आई भेटलेल्या पिढ्यांना आई मिळाली, पण तिला आठवून रडणारा माणूस मिळाला नाही. हे नुकसान लहान नाही. एका पिढीची आईविषयीची समजूत त्यातून घडली आहे.

सुजय डहाके यांनी 2023 मध्ये ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणला. तो कृष्णधवल आहे आणि त्यात साने गुरुजी हे स्वतः एक पात्र आहेत. आठवणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवायचा हा प्रयत्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण याच दिग्दर्शकाला हा प्रश्न आधी एकदा भेटला होता. त्यांचा पहिला चित्रपट मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वरचा. आणीबाणीच्या दिवसांतला नववीतला मुकुंद जोशी ही कादंबरी सांगतो. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना ठाऊक आहे की त्यात घडते थोडे. मुकुंद शिरोडकरकडे बघतो, ती बघते की नाही याचा अंदाज बांधतो, मित्रांशी त्यावर तासन्‌तास खल करतो. कादंबरीची सारी मजा त्याच्या डोक्यात चाललेल्या बडबडीत आहे. मुकुंद मनात जेवढा वाचाळ, तेवढाच शिरोडकरसमोर मुका. पडद्यावर मुका मुलगा मुकाच दिसतो. चित्रपटात शाळेचे वर्ग, गणवेश, गल्ल्या, त्या वयाचे लाजणे हे सगळे फार सुंदर उतरले, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण प्रेमकथा पुढे आली आणि विनोदाची बडबड मागे पडली. कादंबरी वाचताना आपण हसतो जास्त, चित्रपट पाहताना हळवे होतो जास्त.

जिथे मूळ पुस्तकच तृतीयपुरुषी असते, तिथे वाट सोपी. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी 1979 चा ‘सिंहासन’ केला. दोन कादंबऱ्या एका चित्रपटात, म्हणजे काटछाट प्रचंड. तरी ओढाताण जाणवत नाही, कारण साधूंचे लेखन मुळातच बातमीदाराच्या नजरेने इकडून तिकडे फिरणारे आहे. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस सगळीकडे जातो, बघतो, आणि आपण त्याच्या मागोमाग.

पटेलांनीच त्याआधी, 1977 साली, ‘जैत रे जैत’मध्ये वेगळा मार्ग काढला होता आणि त्याची चर्चा गाण्यांच्या कौतुकात हरवून जाते. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतला ठाकर नाग्या, त्याचा डोळा घेणारी राणीमाशी, लिंगोबाचा डोंगर ही गोष्ट लोककथेच्या वळणाची आहे. तिला सांगणारा आवाज हवा. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत असलेली डझनाहून अधिक गाणी तिथे करमणुकीसाठी आलेली नाहीत. समूहाचा तो आवाज निवेदकाची जागा घेतो. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. कीर्तनकार आख्यान लावताना आधी ‘अर्जुन म्हणाला’ म्हणतो, पुढच्या क्षणी उपरणे सावरून स्वतः अर्जुन होतो आणि लगेच समोर बसलेल्यांना विचारतो, ‘तुम्ही काय केले असते?’ तिन्ही पुरुष एका श्वासात. सिनेमाने हे कसब कीर्तनाकडून आणखी घ्यायला हवे होते, असे मला फार वाटते.

आता गेमच्या ‘तू’कडे येऊ. 1970 च्या दशकात संगणकावर पहिले साहसी गेम आले तेव्हा त्यांत चित्रे नव्हतीच, नुसता मजकूर होता आणि तो सरळ खेळणाऱ्याला उद्देशून लिहिलेला असे : तू अमुक ठिकाणी आहेस, तुला समोर अमुक दिसते, आता तू काय करणार? पुढे चित्रे आली, आवाज आले, पण हा ‘तू’ तसाच राहिला. गेममध्ये नायक दरीत पडला तर खेळणारा ‘नायक मेला’ म्हणत नाही, ‘मी मेलो’ म्हणतो. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम घरोघर आले, त्यात कॅसेट घालून मारिओ खेळणारी मुले असेच बोलत. मारिओच्या त्या गेमची गोष्ट पोस्टकार्डावर मावेल एवढी आहे : नळकाम करणारा एक मिशीवाला राजकन्येला सोडवायला निघतो. गोष्ट एवढीशी असूनही कोणाचे काही अडले नाही, कारण उडी आपण मारत होतो.

हॉलिवूडला 1993 मध्ये मोह झाला. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा जिवंत नटांचा चित्रपट आला, बॉब हॉस्किन्ससारखा कसलेला नट मारिओ झाला. पोस्टकार्डावरच्या गोष्टीला ‘वजन’ आणण्यासाठी एक अंधारी, कोंदट नगरी उभी केली आणि तिथे डायनोसॉरपासून उत्क्रांत झालेली माणसे ठेवली. ज्यांना मारिओ ठाऊक होता त्यांना तो ओळखू आला नाही, ज्यांना ठाऊक नव्हता त्यांना काही कळले नाही. चित्रपट सणकून आपटला. हॉस्किन्सने पुढे एका मुलाखतीत हे आपले सर्वांत वाईट काम असल्याचे सांगून टाकले. तीस वर्षांनी, 2023 मध्ये, त्याच मारिओचा अॅनिमेशनपट आला. त्यात मारिओचा जनक शिगेरू मियामोतो स्वतः निर्मात्यांपैकी एक होता. त्याने कथेला वजन आणायचा नाद सोडला. तेच रंग, तीच नाणी, तेच आवाज. त्या चित्रपटाने जगभरात एक अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली. समीक्षक फारसे खूश नव्हते आणि माझेही मत त्यांच्या बाजूने झुकते : तो चित्रपट नव्हे, माजी विद्यार्थ्यांचे स्नेहसंमेलन आहे. पण स्नेहसंमेलनाला गर्दी होते, हेही खरे.

गेममध्ये अधूनमधून खेळ थांबतो आणि सिनेमासारखा एक तुकडा दिसतो. त्याला कटसीन म्हणतात. निर्मात्यांचा एक समज दीर्घकाळ होता की हे तुकडे एकत्र शिवले की चित्रपट तयार. खरे पाहता हे दोन घासांमध्ये पाण्याचा घोट घेण्यासारखे आहे. घोट तेवढे गोळा केले तर त्याचे जेवण होत नाही. दुसरा समज माँटगोमेरीचाच, नव्याने. 2005 च्या ‘डूम’मध्ये शेवटाकडे सुमारे पाच मिनिटे कॅमेरा नायकाच्या डोळ्यांतून बघतो. समोर बंदुकीची नळी, अंगावर येणारी भुते, हुबेहूब गेम. फक्त बंदूक प्रेक्षकाच्या हातात नाही. 1947 मध्ये पुस्तकाचा ‘मी’ ज्या दाराशी अडला, 2005 मध्ये गेमचा ‘तू’ त्याच दाराशी अडला.

इथे कोणी म्हणेल, दुसऱ्याचा खेळ बघण्यात लोकांना मजा वाटतेच की. जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खिशात नाणे नसलेली पोरे खेळणाऱ्याच्या मागे तासभर उभी असत, आणि आज यूट्यूबवर दुसऱ्याचा गेम बघणारे कोट्यवधी आहेत. खरे आहे. पण ते बघणे क्रिकेटचा सामना बघण्यासारखे असते. पुढे काय होईल हे खेळणाऱ्यालाही माहीत नसते. चित्रपटाचा निकाल मात्र संकलकाच्या टेबलावर आधीच लागलेला असतो.

गेमच्या माध्यमांतराचा विचार करण्याजोगा नमुना मिळाला तो ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये. मूळ गेम 2013 चा. नील ड्रकमनने लिहिलेला. एका बुरशीच्या साथीने जग उद्ध्वस्त झाले आहे. मुलगी गमावलेला जोएल हा चाळिशी उलटलेला माणूस आणि साथीचा संसर्ग न होणारी एली ही चौदा वर्षांची पोर, यांचा अमेरिकेतला आडवा प्रवास. 2023 च्या जानेवारीत एचबीओवर त्याची मालिका आली. ‘चेर्नोबिल’ मालिकेचा लेखक क्रेग मेझिन आणि स्वतः ड्रकमन यांनी मिळून ती केली. (पुढे तपशील येतात. ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद वगळून शेवट आधी वाचू नये, कारण शेवटही तिच्याबद्दलच आहे.)

काही बदल साधे, व्यावहारिक. गेममध्ये रोग हवेतल्या बीजाणूंनी पसरतो, म्हणून पात्रे मुखवटे घालतात. खेळणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, चेहरा नाही तर हात तर आपले आहेत. मालिकेत मुखवटा म्हणजे नटाचा अभिनयच झाकला. तेव्हा बीजाणू गेले आणि जमिनीखालून पसरणारे धागे आले. गेममध्ये जोएल वाटेत असंख्य माणसांना मारतो, कारण खेळणाऱ्याच्या हाताला काम हवे. मालिकेत मारामारी पुष्कळ कमी झाली. ‘तू’ शंभर जणांना मारतोस तेव्हा ते कौशल्य असते, ‘तो’ शंभर जणांना मारतो तेव्हा तो राक्षस असतो.

मालिका सर्वांत उंच गेली ती मात्र गेम सोडून. गेममध्ये बिल नावाचा एक तिरसट माणूस भेटतो. त्याच्या सापळ्यांनी भरलेल्या गावातून गाडीची बॅटरी मिळवणे हे खेळणाऱ्याचे काम. बिलचा साथीदार फ्रँक आपल्याला दिसतो तो गळफास घेतलेला, आणि त्याची चिठ्ठी कडवट आहे. मालिकेच्या तिसऱ्या भागात जोएल-एलीला जवळजवळ बाजूला ठेवून बिल आणि फ्रँक यांचा सुमारे सोळा वर्षांचा संसार दाखवला आहे : पहिले जेवण, स्ट्रॉबेरीचे वाफे, आजारपण, एकत्र घेतलेला निरोप. गेममध्ये हे शक्य नव्हते. तिथे ‘तू’ बहुतेक वेळ जोएल असतोस, मग जोएल जिथे नाही तिथे तुला सहसा जाता येत नाही. ‘तो’ म्हणणाऱ्या पडद्याला कुठल्याही घराचे दार उघडे असते. राय यांनी इंदिर ठाकरूनसाठी जे केले, त्याच जातीचे हे काम.

आणि तरी दोन ठिकाणी मालिका हरते. पहिले छोटे आहे. प्रवासाच्या शेवटी एका पडक्या इमारतीवरून दोघांना जिराफांचा कळप दिसतो. प्राणिसंग्रहालये मोकळी पडल्यावर सुटलेले जिराफ, हिरवळीवर संथ चाललेले. गेम इथे तुमच्यासाठी थांबतो. कठड्याला टेकून हवे तेवढे बघत राहा, जोवर तुम्ही निघत नाही तोवर कथा पुढे सरकत नाही. पुढे काहीतरी वाईट वाढून ठेवले आहे याचा अंदाज आलेले अनेक खेळाडू तिथे बराच वेळ उभे राहिले. मालिकेत हा प्रसंग आहे, त्यासाठी कॅलगरीच्या प्राणिसंग्रहालयातला खरा जिराफ वापरला आहे, आणि तो सुंदर आहे. पण किती वेळ बघायचे, ते आपल्या हातात नाही.

दुसरे ठिकाण मोठे. रुग्णालयात एलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया होणार आहे. त्यातून कदाचित लस सापडेल, एली मात्र नक्की मरेल. जोएल तिला सोडवायला निघतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर हातात छोटी सुरी घेऊन वाट अडवून उभा आहे. गेममध्ये इथे पडद्यावर कोणी काही करत नाही. तुम्ही थांबाल तर तोही थांबतो. डॉक्टरला मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि बटण तुमच्या बोटाखाली आहे. दुसरा काही मार्ग असेल म्हणून कित्येकांनी शोधून पाहिला. तो नाही. शेवटी तुम्ही बटण दाबता. पुढे जोएल एलीशी खोटे बोलतो तेव्हा त्या खोट्यात तुम्ही भागीदार असता. मालिकेत हाच प्रसंग फार संयमाने घेतला आहे, आवाज दबलेले, वर संथ संगीत, पेद्रो पास्कलच्या चेहऱ्यावर काहीच नाही. आपण त्या माणसाचा न्याय करतो. गेम खेळलेल्यांना तेवढे सोपे नव्हते, कारण आरोपी आणि न्यायाधीश एकच होता. श्यामच्या पुस्तकातून पडद्यावर येताना जसा पश्चात्ताप गळतो, तसा गेममधून येताना अपराध गळतो.

चेहऱ्यांचा एक उलटा न्यायही सांगायला हवा. कादंबरीच्या नायकाचा चेहरा प्रत्येक वाचकाच्या मनात निराळा, म्हणून नट निवडणे जोखमीचे. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला पैलवान गुणा नाच्या होतो हे वाचकाला एका ओळीत पटते. पडद्यावर ते पटवण्यासाठी अतुल कुलकर्णींना आधी अंग कमवावे लागले आणि मग तेच उतरवावे लागले. गेमच्या नायकाचा चेहरा मात्र सगळ्यांच्या डोक्यात तंतोतंत एकच असतो. 2019 मध्ये ‘सॉनिक’ची झलक आली. त्या निळ्या साळिंदरवजा प्राण्याला माणसासारखे दात दिल्यामुळे जगभरचे चाहते इतके खवळले की निर्मात्यांनी नायक पुन्हा नव्याने घडवला आणि चित्रपट नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीत ढकलला. कुठल्या कादंबरीच्या वाचकांना एवढा मान मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ज्या गेममध्ये नायक कसा असावा हे खेळणाराच ठरवतो, तिथे आणायचा तरी कोणाला? 2024 च्या ‘फॉलआउट’ मालिकेने यावर हुशार तोड काढली. 1997 पासूनच्या गेमचे जग घेतले, नायक घेतलाच नाही. त्याऐवजी तीन नवी माणसे : सगळ्यांना मदत करू पाहणारी तळघरातली मुलगी, हुकूम पाळणारा शिपाई, आणि पैसे घेऊन कोणालाही मारणारा भेसूर बंदूकबाज. हा गेम लोक साधारण ज्या तीन स्वभावांनी खेळतात, तेच तीन स्वभाव चालतेबोलते केलेले. ‘तू’ला तीन ‘तो-ती’मध्ये वाटून टाकले.

पडद्यालाच ‘तू’ म्हणायला शिकवण्याचा प्रयत्नही झाला. 2018 चा ‘बँडरस्नॅच’ हा नेटफ्लिक्सवर आलेला चित्रपट एका तरुणाची गोष्ट सांगतो. 1984 साल आहे, वाचकाने पर्याय निवडायच्या एका पुस्तकावरून तो गेम तयार करतो आहे. पुस्तक, गेम, पडदा तिन्ही एकाच चित्रपटात. मधूनमधून पडद्याखाली दोन पर्याय येतात आणि दहा सेकंदांत रिमोटने एक निवडायचा. नायकाला हळूहळू कळते की आपल्याला कोणीतरी चालवते आहे. कल्पना झकास. अनुभव मात्र परीक्षेचा. दर थोड्या वेळाने कोणीतरी दार वाजवून विचारते, चहा की कॉफी, आणि गोष्टीत शिरलेले मन बाहेर येते. मला वाटते, प्रेक्षकाला ‘तो’ हवाच असतो. अंधारात बसून दुसऱ्याच्या आयुष्यात विरघळणे हे कमी दर्जाचे सुख नाही, ते फक्त निराळे आहे.

‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा गेम 2020 मध्ये आला आणि त्याने या ‘तू’ची क्रूर परीक्षा घेतली. अॅबी नावाची मुलगी येते आणि जोएलला हालहाल करून मारते. तुम्ही एली होऊन तिच्या मागावर निघता, कित्येक तास सूडाने पेटून खेळता. आणि अर्ध्यावर गेम तुमच्या हातात अॅबी देतो. आता तू ती आहेस. खेळता खेळता कळत जाते की शस्त्रक्रियेच्या खोलीत आपण मारलेला तो डॉक्टर तिचा बाप होता. अनेक खेळाडूंनी संतापून कंट्रोलर खाली ठेवला, काहींनी गेम अर्ध्यावर सोडला. 2025 च्या मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये मेझिन आणि ड्रकमन यांनी अॅबीचे दुःख पहिल्याच प्रसंगात उघड केले. मारलेल्यांच्या कबरींपाशी ती उभी असते, आणि आपल्याला तिचे कारण सुरुवातीलाच समजते. प्रेक्षकाला तिच्या कातडीत ढकलता येत नाही, म्हणून निदान तिच्याकडे नीट बघायला लावायचे, असा तो हिशेब दिसतो. सात भागांच्या अखेरीस एली आणि अॅबी समोरासमोर येतात, गोळीचा आवाज होतो, पडदा काळा पडतो. मग घड्याळ तीन दिवस मागे जाते, अॅबी झोपेतून उठते, आणि सीझन तिथेच संपतो.